कमिटीवाल्यांनो, कुत्र्यांचं भांडण नंतर करा, आधी गेटवर एक नळ बसवा

पुण्यातल्या हाउसिंग सोसायट्यांचे चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार आणि समस्त कमिटी मेंबर मंडळी यांना,

स.न.वि.वि.

पत्र लांबलंय, आधीच सांगते. पण तुमच्या एजीएममध्ये पार्किंगच्या एका विषयाला जेवढा वेळ जातो त्याच्या निम्म्या वेळात वाचून होईल. मी सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, बरीच वर्षं इंजेक्शन रूमलाच ड्युटी असायची, आता रिटायर होऊन सिंहगड रोडला राहते. आमच्याही सोसायटीचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे, म्हणजे मला रोज काय काय वाचावं लागतं ते तुम्ही समजू शकता.

कुत्र्यांचा विषय निघाला की ग्रुपवर दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते सगळी कुत्री उचलून न्या, दुसरी म्हणते मुक्या जिवांनी तुमचं काय घोडं मारलंय, मग कोणीतरी कोर्टाच्या ऑर्डरची पीडीएफ टाकतं जी कोणीच उघडत नाही, मग कोणीतरी ग्रुप सोडतं, त्याला परत ॲड करतात, आणि शेवटी ॲडमिन म्हणतो की कृपया ग्रुपवर फक्त सोसायटीचे विषय घ्यावेत. मी कुठल्याच पार्टीत नाही. माझा मुद्दा एवढाच की या शेकडो मेसेजमध्ये ज्याला कुत्रं चावलंय त्याने पुढच्या पंधरा मिनिटांत काय करायचं हे कोणी लिहीत नाही. आणि तेवढंच तर आपल्या हातात असतं हो. कुत्री कमी करणं महापालिकेचं काम, त्याला वर्षं लागतील. जखम धुवायला नळ लागतो.

आता तुम्ही म्हणाल घरोघरी नळ आहेत की. आहेत. पण चावतं कोणाला ते बघा ना. पहाटे पेपर टाकणारा पोरगा, दूधवाला, झाडूवाल्या मावशी, रात्रपाळीचा वॉचमन, बाईकवरून पार्सल आणणारा मुलगा. यातल्या एकाला तरी तुम्ही तिसऱ्या मजल्यावर घरात घेऊन बाथरूममध्ये पाय धुवायला देता का? खरं सांगा. गेटवर प्यायच्या पाण्याचा जार असतो, केबिनमध्ये एक बाटली असते, मग तो बिचारा त्या बाटलीतलं पाणी दोनदा ओततो, रुमाल गुंडाळतो आणि ड्युटी संपायची वाट बघत बसतो. बागेच्या कोपऱ्यात एक नळ असतो, पण त्याला कुलूप, कारण ड्रायव्हर लोक तिथे गाड्या धुतात म्हणून मागच्या कमिटीने ठराव केलेला.

आमच्याकडे अशीच माणसं यायची. एक वॉचमन काका माझ्या चांगले लक्षात आहेत, पोटरीवर चार दात उमटलेले, पण ते दिसेचनात आधी, कारण वर हळद आणि चुन्याचा थर वाळून पापुद्रा झालेला आणि त्याच्यावर मफलर करकचून बांधलेला. हळद कोणी लावली तर म्हणे सोसायटीतल्याच एका ताईंनी, चांगल्या मनाने लावली. त्यांना स्टुलावर बसवून पाय सिंकमध्ये घ्यायला लावला, साबणाने तो पापुद्रा काढता काढता ते कळवळत होते आणि पाणी आधी पिवळं, मग गुलाबी, मग कुठे स्वच्छ यायला लागलं. हळद लावली नसती तर निम्मा त्रास वाचला असता आणि मुख्य म्हणजे वेळ वाचला असता.

हळद, चुना, मिरचीपूड, तंबाखू, तेल, कॉफी, मी सगळं बघितलंय. मिरचीपूड लावलेल्या लहान मुलाचा आवाज अजून कानात आहे, पण ते जाऊ दे. या कशानेही रेबीजचा विषाणू मरत नाही, उलट जखम चिघळते आणि चोळताना लाळ अजून आत जाते.

साबणाचं का एवढं कौतुक ते सांगते, कारण कारण कळलं की माणूस टाळाटाळ करत नाही असा माझा अनुभव आहे. रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेत असतो. चावल्यावर तो लगेच रक्तात जाऊन मेंदूत पोचतो असं नाही, तो आधी चावलेल्या जागी मांसात राहतो आणि मग तिथल्या नसेत शिरून नसेनसेने हळूहळू वर सरकत मेंदूकडे जातो. आणि या विषाणूला बाहेरून चरबीसारखं आवरण असतं, साबण ते आवरण विरघळवतो, वाहतं पाणी उरलेलं धुऊन नेतं. म्हणजे नसेत शिरायच्या आधी जेवढा बाहेर काढाल तेवढा चांगला. हे काम तुमच्या गेटवर आंघोळीचा साधा साबण करू शकतो, त्याला डॉक्टर लागत नाही.

धुवायचं मात्र पंधरा मिनिटं. घड्याळ लावून. पंधरा मिनिटं किती मोठी असतात ते नळाखाली हात धरल्यावर कळतं, दोन मिनिटांत माणूस म्हणतो झालं. बादलीत पाय बुडवून बसणं चालत नाही, धार हवी. दात खोल गेले असतील तर त्या भोकापर्यंत पाणी जाऊ द्यायचं. डोळ्यात किंवा तोंडात लाळ उडाली असेल तर साबण नको, नुसतं भरपूर पाणी. नंतर बीटाडीन असेल तर लावा, नसेल तर त्यासाठी मेडिकल शोधत फिरू नका, सरळ दवाखान्याची वाट धरा. पट्टी बांधायची नाही, जखम उघडी ठेवायची. रक्त थांबतच नसेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरून लगेच निघायचं, ती वेगळी गोष्ट. आणि टाके घाला म्हणून डॉक्टरच्या मागे लागू नका, टाक्याच्या सुईबरोबर विषाणू अजून आत जातो, घालायचेच झाले तर जखमेत सिरम भरल्यावर, तेही सैल आणि कमीत कमी.

हां, आणि गुरुवारी पाणी बंद असतं हे कारण मला सांगू नका, तुमच्या वरच्या टाकीत पाणी असतं, नळाचं कनेक्शन तिथूनच घ्या.

आता सिरम म्हणजे काय, कारण इथे शिकलेली माणसंसुद्धा गोंधळतात. कुत्रं चावल्यावर तीन वेगवेगळी इंजेक्शनं असतात आणि लोकांना वाटतं एकच. पहिलं टीटी, म्हणजे धनुर्वाताचं. कोपऱ्यावरच्या क्लिनिकमध्ये जाऊन टीटी घेतलं की "घेतलं हो इंजेक्शन" म्हणून लोक निर्धास्त होतात! त्याचा रेबीजशी काडीचा संबंध नाही. दुसरी रेबीजची लस, जी शरीराला स्वतःचं संरक्षण तयार करायला शिकवते, पण त्याला एक-दोन आठवडे लागतात. आणि तिसरं हे सिरम, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, त्यात तयार अँटिबॉडी, म्हणजे विषाणूला निकामी करणारे घटक असतात, लस काम करायला लागेपर्यंतचे दिवस ते निभावून नेतं. ते दंडात न देता मुख्यतः थेट जखमेत आणि जखमेच्या भोवती टोचतात. दुखतं, खोटं कशाला बोलू, बोटाच्या टोकाला असेल तर फारच दुखतं, पण दात खुपसून रक्त आलं असेल तर ते लागतंच. वजनावर डोस असतो, माणसाच्या रक्तापासून बनवलेलं असेल तर किलोमागे 20 युनिट, घोड्याचं असेल तर 40, म्हणून सिस्टर वजन विचारतात, तिथे लाजून दहा किलो कमी सांगू नका. हल्ली सिरमऐवजी प्रयोगशाळेत बनवलेली मोनोक्लोनल अँटिबॉडीही मिळते, आपल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटचीही आहे, तिचा डोस अजून वेगळा, ते डॉक्टर बघतील.

कोणाला काय लागतं याचे डब्ल्यूएचओने तीन प्रकार केलेत. कुत्र्याने धड कातडीला नुसतं चाटलं किंवा तुम्ही त्याला हात लावला, तर काही नको, हात धुवा. नुसतं खरचटलं, रक्त नाही, तर लस. रक्त आलं, किंवा आधीच्या जखमेवर चाटलं, किंवा डोळ्यात तोंडात लाळ गेली, तर लस आणि सिरम दोन्ही. नखाने ओरबाडलं तरी हेच, रक्त नसेल तर लस, आलं असेल तर दोन्ही, कारण कुत्रं पंजा चाटत असतं. "चावलं नाही हो, फक्त नख लागलं" म्हणून घरी बसलेली माणसं मी पाहिलीत.

मेख अशी की लस बऱ्याच दवाखान्यांत असते, सिरम प्रत्येक ठिकाणी असेलच असं नाही. लस एकीकडे, सिरमसाठी दुसरीकडे, तिथे केस पेपर परत काढा, असं करत माणूस पीएमपीच्या बसने शहरभर फिरतो आणि शेवटी कंटाळून लस तेवढी घेऊन घरी जातो. सिरम पहिल्या डोसबरोबरच घ्यायचं, राहिलंच तर पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आत, नंतर ते देत नाहीत. तेव्हा कमिटीने एक काम करावं, आपल्या भागातल्या सरकारी दवाखान्यात आणि ससून, कमला नेहरू, पिंपरीकडे असाल तर वायसीएम, अशा मोठ्या हॉस्पिटलात एकदा जाऊन विचारून यावं की लस कुठल्या वेळेत मिळते, सिरम मिळतं का, रात्री आणि रविवारी कुठे यायचं. ते कागदावर लिहून वॉचमनच्या केबिनमध्ये चिकटवायचं आणि दर दोन-तीन महिन्यांनी फोन करून खात्री करायची. लिफ्टच्या मेंटेनन्सवाल्याचा नंबर जसा चिकटवता तसा.

अजून एक गोष्ट, जी काही ठिकाणी चालते आणि चालू नये. कातडीत द्यायची लस एका माणसाला एका वेळी 0.1 मिलीचे दोन टोचे, दोन्ही दंडांत एकेक, एवढीच लागते, आणि बाटली एकदा फोडली की ठरावीक तासांत संपवावी लागते. मग एकच पेशंट असला की बाटली वाया जाईल म्हणून "उद्या या, चार-पाच जण जमले की देऊ" असं सांगून परत पाठवतात. असं सांगितलं तर हलायचं नाही, पहिला डोस आजच्या आज मागायचा, आवाज चढवावा लागला तरी चढवायचा. बरोबर कमिटीतलं कोणी गेलं तर तो आवाज ऐकला जातो, एकट्या वॉचमनचा ऐकला जात नाही. ही आपल्याकडची रीत आहे, मला आवडत नाही, पण आहे.

आता सुट्टीचं. कातडीतल्या लसीचे डोस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. शून्य दिवस म्हणजे पहिला डोस घेतला तो, चावलं तो नव्हे. समजा मंगळवारी पहिला घेतला, तर शुक्रवार, पुढचा मंगळवार, आणि मग पहिल्यापासून चार आठवड्यांनी येणारा मंगळवार. दंडाच्या स्नायूत घेतली तर पाच डोस, 14 व्या दिवशीचा एक वाढतो. कमरेवर घ्यायची नाही, तिथे चरबीत लस नीट काम करत नाही, लहान बाळाला मांडीत देतात. हे चार मुक्काम माणसाला गाठता यायला हवेत ना? पण वॉचमन एजन्सीचा, सुट्टी घेतली की पगार कापतात, मावशींना एक खाडा झाला की तीन घरचे फोन. म्हणून दुसऱ्या डोसनंतर जखम सुकते, दुखायचं थांबतं, आणि माणूस येत नाही. आम्ही रजिस्टरमध्ये शेवटच्या रकान्यात किती जागा रिकामी राहते ते बघायचो आणि हळहळायचो. सोसायटीच्या आवारात, सोसायटीच्या कामावर असताना चावलं असेल तर त्या चार दिवसांचा पगार कापू नये असं एजन्सीला लेखी कळवा. चार अर्धे दिवस हो! दिवाळीच्या लायटिंगवर याच्या कितीतरी पट जातात.

आणि जखम सुकली म्हणजे झालं असं समजणाऱ्यांसाठी, हा आजार बहुतेक वेळा चावल्यापासून 20 ते 90 दिवसांत डोकं वर काढतो, कधी त्याहून लवकर, कधी वर्षानेसुद्धा. चेहऱ्याला, मानेला, हाताला चावलं असेल तर लवकर, कारण तिथून मेंदू जवळ किंवा तिथे नसा दाट. पाणी गिळता येईना, वारा सहन होईना, अशी लक्षणं एकदा सुरू झाली की मग जवळजवळ कोणी वाचत नाही. तोपर्यंत मात्र वेळेवर आणि पूर्ण उपचार झाले तर हा आजार जवळपास हमखास टळतो. म्हणून आठवड्याने जाग आली तरी "आता काय उपयोग" म्हणू नका, तेव्हाही जखम धुवा आणि लस सुरू करा.

सोसायटीतल्या आजोबांना सांगा, पोटात चौदा इंजेक्शनं आता नाहीत. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती, तिचं उत्पादन आपल्या देशात डिसेंबर 2004 मध्ये बंद झालं. तरी त्या चौदांच्या भीतीने लोक चावलेलं लपवतात. पोरं तर हमखास लपवतात, कारण कुत्र्याच्या वाटेला गेलास कशाला म्हणून आधी धपाटा मिळतो. जगभरात रेबीजचा संशय असलेला प्राणी चावलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के 15 वर्षांखालची मुलं असतात. धपाटा नंतर घाला, आधी नळाखाली न्या.

गरोदर बायकांना लस चालते, अंगावर पाजणाऱ्यांनाही चालते. पथ्य काही नाही, वांगं बंद, अंडं बंद, तेलकट बंद, हे कोण पसरवतं कोण जाणे. आधी पूर्ण कोर्स झालेला असेल आणि परत चावलं तर दोनच डोस, 0 आणि 3 व्या दिवशी, सिरम नको, पण जुना केस पेपर जपून ठेवलेला हवा.

कान कापलेलं कुत्रं आहे म्हणजे सुरक्षित, हा अजून एक समज, आणि हा प्राणिप्रेमी मंडळींचा. कानावर खाच म्हणजे नसबंदी झाली, त्या वेळी रेबीजची लसही दिली जाते, बरोबर. पण ती लस दर वर्षी परत द्यावी लागते, गेल्या वर्षी दिली का ते कानावर लिहिलेलं नसतं. घरच्या पाळलेल्या कुत्र्याचंही तेच, कार्ड पूर्ण आहे म्हणून डॉक्टरकडे जायचं टाळू नका. दोन महिन्यांचं गोंडस पिल्लू दात लावतं तेही चावणंच.

कुत्र्याचं काय करायचं? मारायचं नाही. कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय मारून टाकलं तर त्याला रेबीज होता का हे कळायची सोपी वाट बंद. लस ताबडतोब सुरू करायची आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं, दहा दिवसांनी ते ठणठणीत असेल तर डॉक्टर पुढचे डोस बदलायचे का ते ठरवतात. हे लक्ष ठेवायचं काम रोज खायला घालणाऱ्या ताई-दादांनी करावं, त्यांना प्रत्येक कुत्र्याची ओळख असते, आणि निदान या एका कामात दोन्ही पार्ट्यांचं एकमेकांवाचून अडतं. खाणं घालायची जागा मात्र गेटपासून, जिन्यापासून आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब ठरवा, 2023 च्या एबीसी, म्हणजे प्राण्यांच्या नसबंदीच्या नियमांतही तसंच सांगितलंय आणि ती सोय करायची जबाबदारी तुमच्यावर, म्हणजे रहिवासी संघटनेवर टाकलीये. पहाटे पाचला गेटवर बिस्किटं टाकायची आणि सव्वापाचला पेपरवाल्या पोराने सायकलवरून तिथूनच आत यायचं, हे जमणार कसं.

पाट्या लावण्यात तर आपला हात कोणी धरू शकत नाही. "येथे कुत्र्यांना खाऊ घालू नये, आदेशावरून" ही पाटी लावलीच आहे, तिच्या शेजारी अजून एक लावा. मजकूर मी देते: "कुत्रे चावल्यास हा नळ कोणीही वापरावा. परवानगी विचारू नये. साबण येथे आहे. पंधरा मिनिटे धुवावे, हळद लावू नये, आजच दवाखान्यात जावे. टीटी म्हणजे रेबीजची लस नव्हे. साबण नेल्यास नवा आणून ठेवावा." हिंदीतही लिहा, बरेच वॉचमन आणि डिलिव्हरीची मुलं बाहेरून आलेली असतात. नळाला कुलूप नको. नळाखाली बसायला एक दगडी कट्टा किंवा प्लास्टिकचं स्टूल ठेवा, पोटरी धुताना एका पायावर पंधरा मिनिटं उभं राहता येत नाही.

पुढच्या मीटिंगला अजेंड्यावर भटक्या कुत्र्यांचा विषय असणारच. त्याच्या आधीचा विषय म्हणून हा नळ घ्या, कारण कुत्र्यांचा विषय सुरू झाला की त्यानंतर कोरम राहत नाही. प्लंबर, पाइप, एक तोटी आणि साबणाची डबी, ठराव पाच मिनिटांत व्हायला हरकत नाही. सूचक म्हणून माझं नाव आमच्या सोसायटीत मी दिलंय, अनुमोदक अजून शोधतेय.

आपली,
एक रिटायर्ड सिस्टर,
सिंहगड रोड, पुणे

ता.क. मांजराने चावलं किंवा ओरबाडलं तरी हे सगळं असंच करायचं, माकडाचंही तसंच, फक्त दहा दिवस लक्ष ठेवायचा हिशोब माकडाला लागू नाही. सिंहगडावर कणसं हिसकावताना माकड बोचकारतं तेव्हा लोक हसून रील टाकतात, आधी धुवा, मग टाका.